क्षयाच्या जंतूचा श्वास

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगत सरावली, सालवड, पास्थळ, कोलवडे अशी गावे आहेत. तेथे सकाळच्या वेळी एखाद्या घरात डोकावलात, तर दाराशी खुर्ची टाकून बसलेले आजोबा खोकताना दिसण्याचा संभव असतो. कोणी चौकशी केली, तर घरातून उत्तर तयार असते, "काही नाही हो, कंपनीचा धूर आहे. इथे सगळ्यांनाच खोकला." सातपाटीच्या बंदराकडे हाच खोकला खाऱ्या वाऱ्याच्या नावावर खपतो, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तो चुलीचा किंवा विडीचा असतो. आणि एक उत्तर मात्र सगळीकडे सारखेच ऐकू येते, "वय झालं आता, खोकला यायचाच."

ही उत्तरे अगदीच निराधार नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूरचे नाव आलेले आहे. चुलीच्या आणि विडीच्या धुराने फुप्फुसे खराब होतात, हेही खरे. परंतु धुराचा खोकला म्हणून जो सोडून दिला जातो, त्याच्या आडोशाला एक दुसरा आजार महिनोन्‌महिने दडून राहू शकतो. तो आजार म्हणजे क्षयरोग.

या सदरात आपण रुग्णाच्या श्वासाविषयी अनेकदा बोललो आहोत. आज जंतूच्या श्वासाविषयी बोलू. होय, क्षयाचा जंतूही श्वास घेतो. तो कसा घेतो हे समजले, की घरोघर ज्यांवरून वाद होतात अशा तीन प्रश्नांचा उलगडा होतो. बरे वाटू लागल्यावरही गोळ्या का चालू ठेवायच्या? नव्या औषधांच्या काळात हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा का काढायचा? आणि आजीच्या पायांना मुंग्या आल्या, तर 'वयामुळे' म्हणून त्या का सोडून द्यायच्या नाहीत?

नाकाशिवायचा श्वास

आपण नाकाने हवा आत घेतो, ती फुप्फुसात जाते, तेथून प्राणवायू रक्तात उतरतो. पण हा झाला केवळ प्रवास. खरा श्वास शेवटी शरीरातील प्रत्येक पेशीच्या आत घडतो. तेथे अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांची प्राणवायूशी गाठ पडते आणि त्या व्यवहारातून पेशीला लागणारी शक्ती मिळते.

जंतूला नाक नाही, फुप्फुसे नाहीत, रक्तही नाही. तो एकाच पेशीचा जीव. त्याच्या देहाभोवती एक अतिशय पातळ पटल असते आणि श्वसनाचे सारे काम या पटलातच चालते. त्यात प्रथिनांचे मोठमोठे समूह रोवलेले असतात. त्यांना प्रथिनसंकुले म्हणू. एका संकुलाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे इलेक्ट्रॉन सोपवले जातात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी करून घागरी हातोहात पोचवाव्यात, तसा हा प्रकार आहे. शास्त्रज्ञ या रांगेला श्वसनसाखळी म्हणतात.

साखळीच्या आरंभी जी संकुले असतात, ती अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन उचलतात. मधल्या टप्प्यात त्यांना पुढे वाहून नेणारा एक लहानसा रेणू असतो. आपल्या पेशींत हे काम युबिक्विनोन करतो. क्षयाच्या जंतूत ते मेनाक्विनोन करतो, जो जीवनसत्त्व 'के'च्या कुळातला आहे. साखळीच्या शेवटी जे संकुल असते, ते इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करते आणि त्यातून पाणी तयार होते. आपण श्वास घेतो तो अंतिमतः याच शेवटच्या पायरीसाठी, आणि जंतूही त्याच पायरीसाठी.

धामणीचे धरण आणि जंतूचे चक्र

मग या हातोहात व्यवहारातून शक्ती मिळते कशी? पालघरच्या वाचकांना हे समजावण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सूर्या नदीवरील धामणीचे धरण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. भिंतीच्या एका बाजूस पाणी उंच साठलेले असते. ते खाली येताना त्याच्या जोराने जनित्राचे चक्र फिरवता येते आणि वीज निर्माण होते. साठा आणि उतार नसेल, तर चक्र फिरणार नाही.

जंतूच्या पटलाचेही असेच आहे. साखळीतून इलेक्ट्रॉन जात असताना काही संकुले पंपाचे काम करतात. ती प्रोटॉन नावाचे सूक्ष्म विद्युत्‌भारित कण आतून बाहेर ढकलतात. हळूहळू पटलाच्या बाहेरच्या बाजूस प्रोटॉनांची दाटी होते, जणू धरण भरते. या प्रोटॉनांना परत आत येण्याची ओढ असते. पण पटल त्यांना वाट देत नाही. वाट असते ती एका विशिष्ट संकुलातून. त्याचे नाव एटीपी सिंथेज.

हे संकुल म्हणजे खरोखरीचे फिरते चक्र आहे. प्रोटॉन त्यातून आत येतात तेव्हा त्यांच्या जोराने पटलातील एक कडे गरगर फिरते. क्षयाच्या जंतूत हे कडे नऊ सारख्या प्रथिनांचे बनलेले असते. कड्याला जोडलेला दांडा फिरतो आणि दुसऱ्या टोकाशी एटीपी नावाचे रेणू घडवले जातात. एका पूर्ण फेरीत तीन. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे. वाढायचे, दुरुस्ती करायची, नुसते जिवंत राहायचे, तरी ते खर्चावे लागते.

पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६१ साली प्रोटॉनांच्या साठ्याची ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक जाणकारांनी ती मानली नाही. १९७८ साली त्याच कल्पनेसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या फिरत्या चक्राचे कार्य आणि रचना उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चिवट जंतूचे दोन मार्ग

क्षयाच्या जंतूच्या श्वसनसाखळीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली अशी, की आपल्याकडे जी दोन संकुले सुटी असू शकतात, ती या जातीच्या जंतूंत एकमेकांना घट्ट जोडलेली असतात. क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी नातलग प्रयोगशाळेत वाढवून, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी २०१८ साली या जोडसंकुलाची रचना पाहिली. इलेक्ट्रॉन स्वीकारणारे आणि ते प्राणवायूला देणारे, असे दोन्ही विभाग एकाच छपराखाली आणलेला हा कारखानाच होता.

दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या हमरस्त्याखेरीज जंतूपाशी प्राणवायूपर्यंत जाणारी एक आडवाटही असते. त्या वाटेवरचे संकुल प्रोटॉन पंप करत नाही, म्हणून त्यातून शक्ती कमी मिळते. पण प्राणवायू अगदी थोडा असला तरी ते चालते. हमरस्ता अडला, की जंतू या आडवाटेने कसाबसा निभावून नेतो.

याचा रुग्णाच्या शरीरात काय अर्थ होतो? क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरल्यावर शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालते. आतील जागेत प्राणवायू तुटपुंजा होतो. जंतूंची वाढ थांबते, ते जणू निद्रिस्त होतात. परंतु निजलेल्या माणसाचा श्वास जसा चालू असतो, तसा या जंतूंचाही मंद श्वास चालूच असतो. पटलापलीकडचा प्रोटॉनांचा साठा पूर्ण आटला, तर ते मरतात. म्हणून थोडा का होईना, तो ते राखून ठेवतात. अशा स्थितीत ते वर्षानुवर्षे राहू शकतात. तरुणपणी शरीरात शिरलेला जंतू सत्तरीत डोके वर काढतो, त्याचे कारण हेच. वयाबरोबर प्रतिकारशक्ती ओसरली, मधुमेह जडला, खाणे कमी झाले, एखाद्या आजारासाठी स्टेरॉइड घ्यावे लागले, की कुंपण सैल होते आणि निजलेला जागा होतो.

बरे वाटल्यावरही गोळ्या का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. आरंभीचे दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. बहुतेक रुग्णांना पहिल्या काही आठवड्यांतच उतार पडतो. ताप जातो, भूक लागते, खोकला कमी होतो. तेव्हा घरात कुणीतरी म्हणते, "बाबांना आता बरं आहे, एवढी गरम औषधं कशाला?"

येथेच घात होतो. वेगाने वाढणारे जंतू आधी मरतात आणि त्यांच्या मरण्यानेच रुग्णाला बरे वाटते. आयसोनियाझिडसारखे औषध वाढत्या जंतूंवर उत्तम चालते, कारण ते त्यांच्या भिंतीचे बांधकाम थांबवते. जो निजला आहे, तो बांधकामच करत नाही. त्याला या औषधाचे भय कमी. मागे राहिलेल्या अशा मंद श्वासाच्या जंतूंना गाठण्यासाठी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड उपयोगी पडतात. पण त्यालाही वेळ लागतो. शिवाय हा जंतू स्वभावतःच संथ. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. जो संथ जगतो, तो संथ मरतो. सहा महिने रुग्णाच्या बळासाठी नसतात. या शेवटच्या जंतूंसाठी असतात.

औषध मध्येच सोडले, तर जे वाचतात ते पुन्हा वाढतात आणि त्यांतील काहींवर मग तीच औषधे चालत नाहीत. प्रतिरोधी क्षय म्हणतात तो हाच.

श्वासावरच नेम धरणारे औषध

प्रतिरोधी क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत. त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शने असत आणि त्यांतील काहींनी रुग्णाचे कानच जात. रुग्ण वाचला तर बहिरा होऊन वाचे. अशा वेळी २००५ साली बेल्जियममधील कोएन आन्द्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या औषधाचा शोध प्रसिद्ध केला. त्याचे नाव पुढे बेडाक्विलिन झाले. आपण वर पाहिलेल्या फिरत्या कड्यावरच ते जाऊन बसते. चक्रात खुंटी अडकावी तसे ते कडे अडते आणि एटीपीची नाणी पाडणे बंद होते. जंतू जागा असो की निजलेला, नाण्यांवाचून त्याचे चालत नाही. म्हणूनच निद्रिस्त जंतूंनाही हे औषध मारते.

मात्र हा मृत्यू तत्काळ येत नाही. जंतूपाशी थोडी शिल्लक असते, तो काही दिवस काटकसर करून ढकलतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात फारसा फरक दिसला नाही, म्हणून रुग्णाने वा घरच्यांनी धीर सोडू नये.

अमेरिकेत या औषधाला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांत क्षयासाठी आलेले नव्या जातीचे ते पहिलेच औषध होते. भारतात २०१६ साली ते आरंभी मोजक्या सहा रुग्णालयांतूनच मिळू लागले. पुढे प्रश्न उभा राहिला तो मक्तेदारीचा. मूळ एकस्वाची मुदत २०२३ साली संपणार होती; ती संपल्यावरही औषधाच्या एका क्षाररूपावर कंपनीला आणखी काही वर्षे हक्क हवा होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी २०१९ साली मुंबईच्या एकस्व कार्यालयात या अर्जाला हरकत घेतली. क्षयातून वाचलेल्या या दोघींचीही ऐकण्याची शक्ती औषधांच्या दुष्परिणामाने गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, तो अर्ज फेटाळला गेला. जुलै २०२३ मध्ये मूळ एकस्वही संपले आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. तारापूरच्या वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांत आपल्यापैकी अनेकांची मुले कामाला जातात. औषध कोण बनवू शकते आणि ते कोणाला परवडते, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रतिरोधी क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असा सहा महिन्यांचा तोंडी उपचार सुचवला. २०२४ साली केंद्र सरकारनेही त्यास मान्यता दिली. यातील प्रिटोमॅनिडही प्राणवायू तुटपुंजा असलेल्या जागी जंतूच्या श्वासावरच घाव घालते. दीड-दोन वर्षांच्या इंजेक्शनांऐवजी सहा महिन्यांच्या गोळ्या, हा बदल लहान नव्हे.

ईसीजी आणि पायांच्या मुंग्या

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांमधील विजेच्या लहरीचा काळ लांबवू शकतात. तो फार लांबला, तर ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून उपचाराच्या आधी आणि उपचार चालू असताना ठरावीक अंतराने ईसीजी काढतात. वयस्कर माणसांत हृदयाचे जुने दुखणे, रक्तातील पोटॅशियमची कमतरता, जुलाब, पाणी कमी करणाऱ्या गोळ्या यांनी हा धोका वाढतो. ईसीजीची तारीख चुकवू नका. चक्कर आली, छातीत धडधड वाढली, शुद्ध हरपल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि खोकल्यासाठी औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिन, किंवा उलटीसाठी ओन्डॅनसेट्रॉन, असे काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. तीही याच लहरीवर परिणाम करतात.

आता पायांच्या मुंग्यांकडे येऊ. आपल्या पेशींत श्वसनाचे काम मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म घटकांत चालते. हे घटक फार प्राचीन काळी स्वतंत्र जंतू होते, ते मोठ्या पेशीत येऊन राहिले आणि कायमचे घरचे झाले, असे शास्त्र सांगते. म्हणूनच आपली श्वसनसाखळी जंतूंच्या साखळीशी इतकी मिळतीजुळती आहे. जंतूचे चक्र अडवण्यासाठी बेडाक्विलिनची अगदी थोडी मात्रा पुरते आणि तेवढ्या मात्रेचा आपल्या चक्रावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते वापरता येते. लिनेझोलिडचे मात्र तसे नाही. ते जंतूची प्रथिने घडवणारी यंत्रणा थांबवते, आणि आपल्या मायटोकॉन्ड्रियात त्याच घराण्याची यंत्रणा असते. जुने नाते असे आड येते.

त्याची चिन्हे अशी : तळपायांना मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा, नजर अंधुक होणे, रंग फिके दिसणे, रक्त कमी होऊन धाप लागणे, अंगावर निळसर डाग उठणे. आजीला आधीच मधुमेह असेल, तर मुंग्यांचा दोष मधुमेहाला दिला जातो; नजर अंधुक झाली, तर मोतीबिंदूला. आपल्यापैकी जे रुग्णाची सेवा करतात, त्यांनी दर आठवड्याला हे प्रश्न स्वतःहून विचारावेत, कारण वडीलधारी माणसे दुसऱ्याला त्रास नको म्हणून सांगत नाहीत. वेळीच कळले, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा औषध काही काळ थांबवू शकतात. उशीर झाला, तर नजरेचे नुकसान कायमचे राहू शकते.

पण हे थांबवणे डॉक्टरांनी करायचे आहे, आपण नाही. बेडाक्विलिन शेवटची गोळी घेतल्यावरही कित्येक महिने शरीरात रेंगाळते. रुग्णाने सगळीच औषधे परस्पर सोडली, तर इतर औषधे लवकर निघून जातात आणि हे एकटेच अपुऱ्या मात्रेत मागे राहते. जंतूला त्याच्याशी जुळवून घेण्यास याहून चांगली संधी नाही. असा जंतू मग घरातल्या नातवंडांना लागू शकतो, आणि तेव्हा हे मोलाचे औषध त्यांच्या कामाचे राहत नाही.

साध्या क्षयाच्या उपचारातही वयस्करांसाठी काही गोष्टी ध्यानात असाव्यात. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र त्याच औषधाने रक्त पातळ करणारी, मधुमेहाची आणि रक्तदाबाची काही औषधे कमी प्रभावी होतात. म्हणून दवाखान्यात जाताना घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना पार उडाली, सतत उलट्या झाल्या, तर यकृताचा त्रास समजून विनाविलंब दाखवावे.

ओळखावे कसे?

तरुणांमधला क्षय खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त अशा परिचित खुणांनी येतो. सत्तरीतला क्षय पुष्कळदा या खुणा दाखवत नाही. ताप नसतो, रक्त नसते. वजन उतरते, कपडे सैल होतात, जेवण अर्धवट टाकले जाते, माणूस गप्प-गप्प राहतो, क्वचित गोंधळतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, किंवा कारण न कळता घटणारे वजन, यांपैकी एकही असेल, तर धुराला दोष देण्याआधी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

यासाठी मोठ्या शहरात जावे लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा आपल्या गावची आशाताई यांच्याकडे विचारणा करावी. थुंकीतील जंतूचा अंश शोधणाऱ्या आणि रिफॅम्पिसिनला तो जंतू दाद देतो का, हेही सांगणाऱ्या यंत्रांपैकी ट्रूनॅट हे भारतात विकसित झालेले आहे. बॅटरीवर चालत असल्याने ते लहान केंद्रांतही वापरता येते. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे विनामूल्य असतात. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. थुंकी म्हणजे तोंडातील लाळ नव्हे, छातीतून खोकून काढलेला बेडका. वयस्करांना तो काढणे जड जाते. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, मोकळ्या जागेत प्रयत्न करावा.

तपासणीआधी दुकानातून लेव्होफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशा गोळ्या घेणे टाळा. त्यांनी क्षय काही दिवस दबतो, निदान लांबते आणि प्रतिरोधाला वाट मिळते.

घरात कोणाला क्षय निघाला, तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे. क्षय नसलेल्यांना प्रतिबंधक औषध देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रुग्णाने आरंभीच्या काळात तोंडावर मास्क किंवा स्वच्छ कापड धरावे. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. हा जंतू हवेतून जातो, भांड्यांतून नव्हे. वेगळ्या ताटाने रोग अडत नाही, माणसाचे मन मात्र दुखावते.

आणि जेवणाकडे लक्ष द्या. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरातील माणसांना पुरेसा शिधा आणि पोषणाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरी भागात ज्यांचे पोट अर्धे राहते, त्यांच्यासाठी या आकड्याचे मोल मोठे आहे. डाळ, अंडे, सुकट, शेंगदाणे, नाचणी, जे घरात परवडेल ते रुग्णालाही मिळावे आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही.

तेव्हा वाचकहो, दाराशी खोकत बसलेल्या आजोबांकडे पुन्हा एकदा पाहा. धूर असेल, वयही असेल. पण त्यांच्या श्वासासोबत दुसरे कोणी श्वास घेत नाही ना, एवढी खातरजमा एका डबीभर थुंकीने होते. ती डबी या आठवड्यात द्यावी, ही विनंती.